चौदा मेपर्यंतची पानं

१८ मार्च

प्रिय आत्या,

पत्र टाइप केलेलं बघून नाक मुरडू नकोस. दिवसभर टाक धरून लोकांच्या प्रशस्तिपत्रकांवर नावं लिहायची, आणि घरी येऊन पुन्हा पेन धरायचं, नको वाटतं. नवऱ्यानं घरी प्रिंटर आणलाय. तो वापरला नाही तर त्याचं तोंड उतरतं.

तुझ्याकडे काम आहे. मला एक प्लॅनर हवाय. दुकानातले सगळे हाताळून झाले. शिवलेला उघडा राहत नाही, एका हातानं दाबून धरावा लागतो. स्पायरलची तार टोचते, आणि त्यातून पान काढलं की ते गेलंच. मला चकत्यांचा हवाय. तू बघितला नसशील. कण्याच्या जागी प्लॅस्टिकच्या सुट्या चकत्या असतात आणि पानाच्या कडेला अळंबीच्या आकाराची उघडी भोकं. पान ओढलं की सुटतं, दाबलं की बसतं. हवं ते पान काढायचं, टेबलावर सपाट ठेवून लिहायचं, परत लावायचं. चकत्या सोबत पाठवतेय. पानं आणि पुठ्ठे मात्र तुझ्या हातचेच हवेत, दुकानातल्या कागदावर शाई फुटते.

रोजचं एक पान कर. ओळी रुंद आख, पहिलीतल्या मुलाच्या वहीसारख्या. एक एप्रिलपासून चौदा मेपर्यंतची पानं पुरेत. त्याच्या पुढची करू नकोस, उगाच जाड होतं.

फोन करत बसू नकोस, हल्ली इथं आवाज नीट येत नाही. पत्रच बरं.

तुझी,
सुतळी


२४ मार्च

सुतळे,

(अजून तशीच काटकुळी असलीस तर हे नाव चालेल. अंगाला काही लागलं असेल तर कळव, दुसरं शोधते.)

उभा जन्म मी पानं निघू नयेत म्हणून शिवतेय, आणि माझ्याच बाइंडिंगच्या टेबलाखाली वाढलेली पोर मला म्हणते, आत्या, निघणारी पानं कर. वर पत्र टाइप करून पाठवते. ज्या हाताला मी पाटीवर गिरवून गिरवून वळण लावलं, त्या हाताचं एक अक्षर मला बघायला मिळू नये? प्रिंटरला वाईट वाटतं म्हणे. मला काय वाटतं ते जावईबापूंना विचारायला सांग.

असो. भोकं पाडायचं यंत्र विकत आणलं. पहिली चळत वाया गेली, भोकं कडेच्या फार जवळ पडली आणि पानं चकतीवर टिकेनात. भोकाच्या तोंडाशी कागदाचे दोन बारीक ओठ राहतात, सगळा भार त्यांच्यावर. आता जमलं. प्रत्येक पान ओढून, दाबून बघितलंय. पुठ्ठ्याला तुझ्या आवडीचं विटकरी कापड लावलं. तू ओळी इतक्या रुंद का मागितल्यास ते कळलं नाही, पण आखल्या.

आणि चौदा मेलाच काय संपतं गं? बाळंतपणाचं काही असेल तर आडवळणानं सांगू नकोस, सरळ लिही. मी दुपटी शिवायला घेते. आवाज येत नाही म्हणतेस, पण जावईबापूंचा तर स्वच्छ येतो. दर वेळी तेच उचलतात आणि 'झोपलीय' म्हणतात. बाई, भरदुपारी?

तुझ्या बाबाची शेवटची डायरी मीच शिवली होती, तुला आठवत असेल. जूनपासून पुढं कोरी. कपाट झाडताना हाती येते. ती पानं फाडवत नाहीत आणि त्यांवर काही लिहवतही नाही. तेव्हा निघणाऱ्या पानांना मी अगदीच नावं ठेवत नाही. जावईबापूंना मात्र प्लॅनरला हात लावू देऊ नकोस. लग्नाच्या रजिस्टरात त्यांनी डाव्या हातानं सही केली आणि तळहातानं सगळी शाई फरफटवली, ते पान मला अजून दिसतं.

तुझी,
आत्या


३ एप्रिल

प्रिय आत्या,

पार्सल मिळालं. कापडावरून हात फिरवत बसले होते. दुपटी शिवू नकोस, तसं काही नाही. चौदा मेला ऑफिसातलं एक मोठं काम संपतंय, त्यानंतरचं त्यानंतर.

प्लॅनर रोज वापरतेय. एकच अडचण आहे, ओढताना खालचे ओठ फाटतात. भोकांच्या कडेला कापडाची पट्टी लावता येईल का? आणि ओळी अजून रुंद कर. कशा हव्यात ते एका कोऱ्या पानावर आखून सोबत ठेवलंय. माझ्या ओळी वाकड्या आल्यात, तू सरळ कर.

फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. दमते मी हल्ली.

तुझी,
सुतळी


९ एप्रिल

सुतळे,

पानं पाठवतेय, कापडाची पट्टी लावून. आता बैल जुंपलास तरी फाटायची नाहीत. सोबत नवीन कव्हरही आहे. पाठच्या पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तराला खळ नीट बसली नाही, एका कोपऱ्यात बुडबुडा राहिलाय. लहानपणी अशा बुडबुड्याचं तू जे करायचीस आणि माझा मार खायचीस, ते आता खुशाल कर.

बाकी इथं सगळं ठीक. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आत्या


(पुठ्ठ्याच्या अस्तराखालची चिठ्ठी)

पोरी, हे तू नखानं अस्तर सोलून वाचत असशील आणि एकटी असशील, असं धरून लिहितेय. वरचं पत्र दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालावं म्हणून तसं लिहिलं.

तू नमुन्याचं कोरं पान पाठवलंस, त्याच्या मागे आणखी एक पान चिकटून आलं. दोन एप्रिलचं, लिहिलेलं. अक्षर तुझं नाही. मोठंमोठं, कुणीतरी पेन मुठीत धरून लिहावं तसं. त्यावर काय आहे ते तुला माहीतच असेल, तरी उतरवते. 'दार आतून लावायचं नाही. जिना एकटीनं उतरायचा नाही. कात्रीला हात नाही. गॅसजवळ जायचं नाही. आत्याचा फोन घ्यायचा नाही.' आणि प्रत्येक ओळीवरची शाई लिहिणाऱ्याच्या तळहातानं फरफटलेली आहे, डावीकडून उजवीकडे. अशी शाई फरफटवणारा तुझ्या घरात एकच माणूस आहे.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. मशीनवर कागद लावते आणि पात्याशी हात थबकतो, म्हणून दोन दिवस मशीन बंदच ठेवलं. तुझा दिवस तो लिहून देतो का गं? तू काय करायचं, कुठं जायचं, कुणाशी बोलायचं, सगळं? पत्रंही तोच टाइप करतो का? सोन्यासारखा माणूस म्हणून मीच मिरवले होते त्याला. मला फार भीती वाटतेय.

एकच कर. तुझं बरं चाललं असेल तर स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून पाठव. तुझ्या अक्षरात. ती आली तर मी गप्प बसेन. नाही आली तर मी येते आणि तुला घेऊन जाते, मग तिथं कोण काय म्हणतं ते बघू.

आत्या


१६ एप्रिल

प्रिय आत्या,

पानं छान बसली. पट्टीमुळे एकही ओठ फाटला नाही.

अस्तर सोललं. तुला वाटतं तसं इथं काही नाही, आत्या, खरंच नाही. ते पान माझ्या कामाचं होतं, चुकून आलं. तू मागितलीस ती ओळ खाली चिकटवली आहे. आता शांत हो आणि मशीन सुरू कर. इतक्या लांब धडपडत येऊ नकोस, जून उजाडला की मीच येईन.

तुझी,
सुतळी

(खाली चिकटवलेली कागदाची पट्टी, शाईनं, वळणदार अक्षरात)
आत्या, मी मजेत आहे. काळजी करू नकोस.


२० एप्रिल

हे पत्र कोण उघडणार ते मला माहीत आहे, म्हणून जावई, तुम्हालाच लिहिते.

ओळ तिच्याच हातची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आजची नाही. ती नोकरीला लागली तेव्हा निळसर झाकेचा कागद मी तिला कापून दिला होता. तो कागद तुमच्या लग्नाच्याही आधी मिळेनासा झाला. शाई तपकिरी पडायला लागलीय. तिनं कधीतरी लिहिलेलं, टाकायचं राहून गेलेलं एखादं पत्र तुम्ही शोधलंत आणि त्यातली ओळ कापलीत. कापलीत तीही कशी, उंदरानं कुरतडल्यासारखी. माझ्या हाताखाली वाढलेली मुलगी आंधळी झाली तरी अशी कड कापणार नाही.

ती आहे कुठं? मला फोनवर तिचा आवाज का ऐकू देत नाही? काल सहा वेळा फोन केला. सहाव्या वेळी तुम्ही उचललात आणि मागून मला काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि तुम्ही 'नंतर करतो' म्हणून ठेवलात. केला नाहीत. मी फोन मांडीवर घेऊन बसून राहिले.

डावखुऱ्या माणसाचा मला भरवसा नाही, हे मी लग्नातच हसत हसत म्हटलं होतं. आता हसत नाही. अठ्ठावीसचं तिकीट काढलंय. सोबत माझी शेजारीण येतेय, ती वकिलाच्या ऑफिसात काम करते. मुलीच्या अंगावर एक ओरखडा जरी दिसला तरी मी तुम्हाला सोडणार नाही. मी म्हातारी आहे, पण माझ्या हातात अजून जोर आहे.

सुतळीची आत्या


२३ एप्रिल

प्रिय आत्या,

हे मी सांगतेय आणि नवरा टाइप करतोय. आधीची पत्रंही त्यानंच टाइप केली, तेवढं तू बरोबर ओळखलंस. तुझं परवाचं पत्र त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. डावखुऱ्या माणसाचा भरवसा नाही, हे वाक्य तर दोनदा वाचलं. मग हे टाइप करायला बसला.

दोन एप्रिलचं पान मी लिहिलं होतं. मी, डाव्या हातानं.

फेब्रुवारीत टाक बोटांतून निसटला. एका मुलीचं नाव अर्धं लिहून झालं होतं, त्यावर शाईचा ओघळ गेला. वाटलं, दमले असेन. मग चमचा निसटला. मग एकदा मी न्हाणीघरात पडले, शुद्ध हरपून. दार आतून लावलेलं होतं, ह्याला ते तोडावं लागलं. म्हणून दार लावायचं नाही. जिना, कात्री, गॅस, सगळं त्यासाठीच, कारण पुन्हा कधी पडेन ते सांगता येत नाही. सकाळी उठल्यावर माझं मलाच आठवत नाही, मी नेहमीसारखी कात्री उचलायला जाते, म्हणून रोज लिहून ठेवते. एक पान काढायचं, चार बाजूंना काहीतरी जड ठेवायचं, डाव्या हातानं लिहायचं. शिवलेली वही मला एका हातानं धरता आली नसती.

तुझा फोन घेतला नाही कारण मी बोलताना अडखळते. तू एका 'हॅलो'त ओळखलं असतंस. तू सहा वेळा फोन केलास त्या दिवशी मीच पडले होते. तोच आवाज तू ऐकलास.

(ती थांबलीय. पाणी देतो. टाइप करणारा.)

डोक्यात गाठ आहे, आत्या. डाव्या बाजूला. बाबांचंही उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं. तू त्यांना भरवायचीस, त्यांच्या बोटांत पेन धरून ठेवायचीस, ते मी दाराआडून बघायचे. तुला पुन्हा तेच बघायला लावायचं माझ्या जिवावर आलं. चौदा मेला ऑपरेशन आहे. बाबांसारखीच आहे की वेगळी, ते काढल्यावर कळेल. डॉक्टर म्हणतात, वेगळी असू शकते. मी त्या 'असू शकते'वर दिवस काढतेय.

तुझी ओळ लिहायला मी खरंच बसले होते. 'आ'चा काना कागद सोडून टेबलावर गेला. मग ट्रंकेतून ते जुनं पत्र काढलं. कापायला गेले तर ह्यानं कात्री हातातून घेतली आणि स्वतः कापलं. कड कुरतडल्यासारखी आली ती त्याची, तेवढा त्याला दोष दे.

आणि पानं चौदा मेपर्यंतच का मागितली, ते आता तुला कळलं असेल. तू दर वेळी कपाट झाडताना बाबांची डायरी काढतेस, जूनच्या कोऱ्या पानांवरून बोट फिरवतेस आणि परत ठेवतेस. माझी कोरी पानं मला तुझ्या कपाटात यायला नको आहेत. म्हणून पुढची करू नकोस. माझं एवढं ऐक.

मला खूप भीती वाटते. हे मी त्यालाही सांगितलं नव्हतं, आता त्याला टाइप करावं लागतंय.

सही मी करतेय.

सुतळी


२६ एप्रिल

सुतळे,

पत्र वाचलं. पहिल्यांदा रागच आला, खरं सांगते. मला बघायला लावायचं नव्हतं म्हणे. अगं, तुझं बघायचं नाही तर मी काय बघायचं? मग ती तुझी सही बघितली. 'सु' एका ओळीवर, 'ळी' दुसऱ्या ओळीवर. कुणी नसताना तोंडात पदर कोंबून रडले, मग तोंड धुतलं आणि पिशवी भरायला घेतली.

जावईबापू, तुम्हाला काय लिहू? शाईवरून माणूस ओळखते असा मला फार ताठा होता. प्रत्यक्ष भेटून काय ते बोलेन. दार तोडलंत ते बरं केलंत. शेजारणीला मी घरीच ठेवतेय.

पुढची पानं करणार नाही, शब्द देते. तू मागितल्याशिवाय यंत्राला हात लावणार नाही. तिकीट अठ्ठावीसचंच आहे. मला येऊ नको म्हणायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझी,
आत्या


१४ मे

सुतळे,

अक्षर बघून हसू नकोस. डाव्या हातानं लिहितेय. इथं आल्यापासून तू झोपलीस की स्वयंपाकघरात बसून गिरवत होते, तुला दाखवलं नाही. हात दुखतो, ओळ वर चढते, आणि शाई सगळी तळहाताला. जावईबापू शेजारी बसून बघतायत आणि म्हणतायत, पेन जरा तिरकं धरा. या वयात मला कुणीतरी पुन्हा अक्षर शिकवतंय.

तुला आत नेलंय. जाताना तू माझ्याकडे बघून काहीतरी बोललीस, मला नीट कळलं नाही, आणि मी हो हो म्हणून मान हलवली. आता बाकावर बसून तेच आठवतेय. काय म्हणालीस? बाहेर आलीस की पुन्हा सांग.

मला भीती वाटते. दार उघडलं की दोघंही उठतो, आणि ते दुसऱ्याच कुणासाठी असतं. मग परत बसतो. इथल्या भिंतींना फिकट हिरवा रंग आहे, तुझ्या बाबाच्या वेळीही असाच होता. सगळे दवाखाने एकाच डब्यातून रंगवतात की काय. जावईबापू तुझा प्लॅनर मांडीवर घेऊन बसलेत. पानं उलटत नाहीत, नुसता धरून बसलेत. मी एकदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा ते रडले, लहान मुलासारखे, आणि मग मलाच चहा आणायला गेले.

एक गोष्ट तुला न विचारता केली. शब्द मोडला असं म्हणू नकोस, पुढची पानं मी खरंच केली नाहीत. पण एप्रिलच्या गठ्ठ्यात एक, एकच पान जास्तीचं झालं होतं, ते येताना पिशवीत टाकलं. पंधरा मेचं. तुला आत नेलं तेव्हा ते चकत्यांवर दाबून बसवलं. त्याच्याच एका बाजूला हे लिहितेय. दुसरी बाजू कोरी ठेवलीय. ती कोरी राहिली तर ती माझ्या कपाटात येईल, आणि मी ती झाडत बसेन, तुला आवडो न आवडो.

पुन्हा दार उघडतंय. उठते.

आत्या


(त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूला. मोठी, वाकडी अक्षरं, शाई फरफटलेली)

२३ मे

आत्या
तुझं अक्षर माझ्याहून वाईट
जूनची पानं कर